बदलापुरातला हीटर

बदलापुरात हीटर म्हटलं की लोक आधी आपल्या तोंडाकडे बघतात. बरोबर आहे त्यांचं. मे महिन्यात इथे दुपारी चपलेला डांबर चिकटतं, आणि नवीन बिल्डिंगांच्या प्रत्येक खिडकीला एसीचा डबा लटकतोय. अशा गावात एका माणसाने गाडीला हीटर बसवला. नुसता बसवून थांबला नाही, चार वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वीस मिनिटं चालवला. मेमध्येसुद्धा. मी त्यांना साहेब म्हणायचो. त्यांच्याबद्दल बोलायला लागलो की ऐकणारे हसतात, मीही त्यांच्याबरोबर थोडं हसून घेतो, आणि पुढचं सांगायची पाळी आली की विषय बदलतो. आज बदलणार नाही.

साहेब आनंदनगरच्या एमआयडीसीत कापड रंगवायच्या एका कारखान्यात बॉयलर हाऊसचे इनचार्ज होते. मी त्यांच्या हाताखाली अठरा वर्षं काढली. बॉयलर हाऊसमध्ये राहून माणूस ओरडून बोलायला लागतो, घरीसुद्धा. साहेबांचं उलटं. ते कानाशी येऊन हळू बोलायचे, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाटायचं की काहीतरी गुपित चाललंय, आणि ते सांगत असायचे की तिसऱ्या नंबरचा व्हॉल्व्ह पुसायचा राहिलाय. गरम पाइपला ते तळहात लावत नसत, हाताची मागची बाजू टेकवायचे आणि म्हणायचे, "बासष्ट." थर्मामीटर साठ दाखवत असला तर थर्मामीटर बदलायला पाठवायचे. "साधारण" हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "साधारण म्हणजे किती?" असं त्यांनी एकदा आमच्या मॅनेजरला भर मीटिंगमध्ये विचारलं होतं, आणि तेही कानाशी जाऊन.

आणि पाणी. पाण्यावरून तर हा माणूस वेडाच होता. माझ्या घराच्या वास्तुशांतीला पाहुणे पंगतीत बसलेत आणि साहेब कुठे दिसत नाहीत. शोधलं तर बाथरूममध्ये, स्टुलावर उभे, हातात स्क्रू ड्रायव्हर, गिझर उघडलेला. बायको माझ्याकडे जळजळीत बघतेय. साहेब हळूच म्हणाले, "अरे, बोरचं पाणी आहे. वर्षभरात कॉइल जाईल." दहा महिन्यांत गेली. बायकोने त्याचा रागही साहेबांवरच काढला, जणू त्यांनी दृष्ट लावली.

त्यांचं एक मत होतं, आणि ते आम्हाला पाठ झालं होतं. चालणारं मशीन कोणीही सांभाळतो, ते बिघडलं की स्वतःच बोंबलतं. बंद ठेवलेलं मशीन सांभाळायला अक्कल लागते, कारण ते गुपचूप मरतं. आमच्याकडे एक जादाचा बॉयलर वर्षातले आठ महिने बंद असायचा. तो कसा ठेवायचा? एक तर गळ्यापर्यंत भरून, नाहीतर आतून कोरडाठाक करून. अर्धा भरलेला ठेवला की जिथे पाणी आणि हवा भेटतात तिथून गंज धरतो. भरून ठेवायचा तर पाण्यात सोड्याच्या जातीचं केमिकल घालायचं, म्हणजे लोखंड टिकतं. हे मी त्यांच्याकडून शिकलो. इतकं पक्कं शिकलो की त्यातच माती खाल्ली. ते येईल पुढे.

साहेबांच्या बायकोची, म्हणजे आमच्या वहिनींची, बोटं पांढरी पडायची. थंड लागलं की बोटांतलं रक्तच हटायचं, खडूसारखी व्हायची, आणि मग दुखायची. फ्रिजमधलं दही काढायचं काम लग्नापासून साहेबांकडे. पुढे डॉक्टरांनी त्या आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, आणि हेही सांगितलं की कातडीपासून सुरू होऊन तो फुप्फुसांपर्यंत जाऊ शकतो. आणि या बाईला काय बघायचं होतं? बर्फ पडताना बघायचा होता. हिमाचलात, अगदी वर, खिडकीत बसून. काश्मीरची टूर घेतलेल्या मैत्रिणीने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात ते बसलं होतं. "हॉटेलात गोठून मरायचंय का?" असं दुसरा नवरा म्हणाला असता. साहेब म्हणाले, "बघतो."

रिटायर झाल्यावर त्यांनी शाळेची एक जुनी मिनीबस घेतली. ती वहिनींच्या भावाच्या शिरगावातल्या रिकाम्या जागेत, पत्र्याच्या शेडखाली उभी केली. बाकं काढली, पलंग बसवला, ओटा केला, पडदे वहिनींनी शिवले. राहिला हीटर. तो उल्हासनगरला मिळाला, परदेशी गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका सिंधी माणसाच्या दुकानात. मी बरोबर होतो. दुकानदार म्हणाला, "साईं, इधर लोग एसी मांगता है. हीटर का क्या करेगा?" साहेब त्याच्या कानाशी जाऊन म्हणाले, "मिसेस को ठंड लगती है." दुकानदाराने घड्याळाकडे बघितलं, बाहेरच्या उन्हाकडे बघितलं, आणि डबा काढून दिला.

तो हीटर म्हणजे एक छोटा बॉयलरच. डिझेलवर जळायचा, पाणी गरम करायचा, आणि एक मुठीएवढा पंप ते पाणी पाइपांतून पलंगाखाली, पायांखाली फिरवून परत आणायचा. पाण्यात अर्धं हिरवं कूलंट, म्हणजे वर बर्फात पाइप फुटायला नकोत. बदलापुरात बर्फाची भीती कुठली, पण साहेबांचा हिशोब सरळ होता. गाडी उभी आहे तोवर सिस्टिम भरलेली राहणार, आणि महिन्यातून एकदा पेटवायची, म्हणजे पंप जाम होत नाही, डिझेल चिकट होत नाही. लागेल तशी भर घालायला डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट मोजून कालवलेला एक पांढरा कॅन त्यांनी शेडमध्ये ठेवला होता. सोसायटीच्या नळाचं पाणी त्याच्या आसपाससुद्धा आणू द्यायचे नाहीत.

पहिल्या मेमध्ये हीटर पेटला तेव्हा पांढरा धूर शेडबाहेर गेला, आणि समोरच्या टॉवरमधला एक गृहस्थ बनियनवर बादली घेऊन पळत आला. साहेबांनी त्याला बसवून पाणी पाजलं आणि सिस्टिम समजावून सांगितली. तो पुन्हा कधी आला नाही. आत वहिनी पलंगावर बसलेल्या, पदराने वारा घेत, कारण साहेबांचं म्हणणं असं की माणूस आत बसल्याशिवाय टेस्ट खरी नाही.

"पाय गरम लागतायत का?" साहेब वही घेऊन दारात उभे.

"अहो, सगळंच गरम लागतंय."

"तसं नाही. पायाला जास्त की डोक्याला?"

"डोक्याला. पण ते तुमच्यामुळे."

साहेबांनी वहीत लिहिलं, पाय बरोबर. मी बाहेर बसून पोट धरून हसत होतो. वहिनीही हसत होत्या. ती वीस मिनिटं मला अजून दिसतात, आणि आता दिसली की त्रास होतो.

पहिल्या वर्षी निघायचं ठरलं तेव्हा पंपाचा आवाज साहेबांना पसंत पडला नाही. दुसऱ्या वर्षी एका जॉइंटमधून घाम आल्यासारखा थेंब दिसला. तिसऱ्या वर्षी त्यांनी पाइपांची अख्खी वाट बदलली, पलंगाच्या उशाकडे चार अंश कमी पडत होते म्हणून. प्रत्येक फेब्रुवारी गेला की वहिनी म्हणायच्या, "तुमचं यंत्र तयार होईस्तोवर माझं बंद पडेल." आधी हसून म्हणायच्या. तिसऱ्या वर्षी हसल्या नाहीत. मी साहेबांना एकदा म्हटलं, "साहेब, निघा ना आता. साधारण ठीक आहे की." ते म्हणाले, "तिथे वर पहाटे चारला बंद पडला तर तिच्या बोटांचं काय करू? ते सांग साधारण." मला त्यांचं पटलं. वहिनींना हे ते कधी बोलून दाखवत नसत. त्यांच्या मते वहीत लिहिलं म्हणजे सांगितलं.

चौथ्या पावसाळ्यात आजार फुप्फुसांवर आला. मुंबईच्या हॉस्पिटलात नेलं, मग जवळच म्हणून दादरला बहिणीकडे ठेवलं, असे चार महिने गेले. जाताना साहेबांनी शेडची किल्ली माझ्या हातात दिली आणि एक कागद. पहिला रविवार, वीस मिनिटं, पातळी बघणे, कमी असेल तर कॅनमधलं घालणे. शेवटची ओळ अशी होती, कॅन संपला तर मला फोन कर, दुसरं काही घालू नकोस. तोवर त्यांच्या जागी बॉयलर हाऊसचा इनचार्ज मी झालो होतो, त्यांनीच नाव सुचवलं होतं. मला वाटायचं की आता मला सगळं येतं.

दुसऱ्या महिन्यात कॅन संपला. पातळी दोन बोटं खाली. फोन हातात घेतला होता, नाही असं नाही. पण त्याच सकाळी वहिनींना ऑक्सिजन लावल्याचं कळलं होतं. अशा माणसाला कसं विचारायचं, की पाणी कुठलं घालू? आणि खरं सांगायचं तर विचारायची लाजही वाटली. म्हटलं, सिस्टिम बंद उभी आहे, बंद सिस्टिमला काय लागतं हे मला याच माणसाने शिकवलंय. कारखान्यातल्या बंद बॉयलरमधलं केमिकल घातलेलं पाणी कॅन भरून आणलं आणि ओतलं. पुढच्या महिन्यात रंग गढूळ दिसला, तेव्हा आणखी शहाणपणा सुचला. अर्धी सिस्टिम रिकामी केली आणि तेच पाणी भरलं. साहेब परत आल्यावर म्हणतील, वा, बरा सांभाळलास. मला ते ऐकायचं होतं.

बॉयलर लोखंडाचा असतो. त्या हीटरचं पोट ॲल्युमिनियमचं होतं. सोड्याने ॲल्युमिनियमचं पातेलं खाल्लं जातं हे माझ्या आईला माहीत होतं, ती सोडा घातलेले कपडे कधी त्यात उकळायची नाही. मी बावीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस, आणि मला ते सुचलं नाही. शेवटच्या दोन रविवारी पाइपांतून गुडगुड आवाज येत होता. मी हवा काढली, कागदावर लिहिलं, हवा काढली, आणि कुलूप लावून घरी आलो.

जानेवारीत वहिनी घरी आल्या. बऱ्या होत्या, जिना सावकाश चढल्या. डॉक्टर म्हणाले होते की उंचावर जायचं तर हे शेवटचं वर्ष, पुढे फुप्फुसं परवानगी देणार नाहीत. या वेळी साहेबांनी एकही खुसपट काढलं नाही. तारीख ठरली. लोकरीचे हातमोजे आले, वहिनींनी डिंकाचे लाडू केले, मला दोन डब्यात घालून दिले. म्हणाल्या, "भावजी, या वेळी खरंच जातोय हो."

निघायच्या चार दिवस आधी साहेबांनी हीटर दोन तास सलग चालवायला घेतला. वहिनीही शेडमध्ये आल्या होत्या, पडदे अडकवायला. तासाभराने आतून कूलंटचा गोडसर वास आला. पलंगाखालून गरम पाणी वाहत होतं, गादी भिजली होती. साहेबांनी बंद केलं, थंड होऊ दिलं, हीटर काढून उघडला. आतलं पोट पांढरं खरवडल्यासारखं झालं होतं आणि त्याला सुईच्या टोकाएवढी भोकं पडली होती. साहेबांनी थोडं पाणी एका बाटलीत घेतलं आणि माझ्याकडे बघितलं.

"कॅन पुरला का रे?"

"हो," मी म्हटलं. "कॅनमधलंच घातलं."

एवढंच. दोन सेकंदांचं काम होतं. भीती नोकरीची नव्हती. या माणसाच्या नजरेतून उतरायची होती. तोंडातून शब्द गेला आणि मग तो परत घ्यायला जीभ वळली नाही. आजही माझा मलाच विश्वास बसत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही उल्हासनगरला गेलो. तो दुकानदार म्हणाला, "साईं, वो तो एकही पीस आया था." बाहेरून मागवायचा तर दोन-अडीच महिने लागणार होते. तोवर बर्फ नाही, आणि डॉक्टरांची मुदतही नाही. घरी आलो तेव्हा वहिनी सोफ्यावर बसल्या होत्या, बॅगा शेजारी. साहेबांनी सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं. मग माझ्यासमोर, अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला जायचंच नव्हतं. चार वर्षं कारणं काढलीत. या वेळी कारण मिळालं नाही म्हणून तो हीटरच घालवलात. सरळ नाही म्हणायचं होतं, मी काय मारणार होते का तुम्हाला?"

साहेबांनी बॅगा उचलून आत नेऊन ठेवल्या. माझ्या हातात चहाचा कप होता. मी चहा प्यायलो.

त्यानंतर त्या घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं. वहिनी त्यांच्याशी कामापुरतं बोलायच्या, जेवून घ्या, औषधाची वेळ झाली, बस. दही स्वतः काढायला लागल्या. बोटं पांढरी पडायची, आणि साहेब उठायला लागले की म्हणायच्या, "राहू द्या, जमतंय मला." हातमोजे माझ्या बायकोला देऊन टाकले, तिने ते कपाटात वर टाकले. साहेबांनी गाडीकडे जाणं सोडलं. घरी बसून जुन्या वह्या उघडायचे, पान उलटायचे, परत बंद करायचे. मी दर आठवड्याला जायचो. सांगायचं ठरवून जायचो. मी गेलो की साहेब पायात चपला घालायचे, "तू बस, मी औषध घेऊन येतो" म्हणायचे आणि तास तास यायचे नाहीत. मला वाटायचं, बिचारे घरातून सुटका शोधतात. मी आणि वहिनी समोरासमोर बसायचो. त्या भाज्यांविषयी, माझ्या पोरीच्या बारावीविषयी बोलायच्या. एकदाच म्हणाल्या, "भावजी, तुम्ही त्यांना इतकी वर्षं ओळखता. माझ्याबरोबर नसेल जायचं त्यांना, पण असं का करावं माणसाने?" मी म्हटलं, "वहिनी, तसं नसेल हो." त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणखी काही येतंय का म्हणून. मी पाणी मागितलं.

ऑगस्टमध्ये त्या गेल्या. शेवटचे दोन दिवस हॉस्पिटलात होत्या. साहेब त्यांचे हात चोळत बसले होते, आणि वहिनी भिंतीकडे तोंड करून होत्या. मी दारातून बघितलं आणि आत गेलो नाही.

दिवसकार्य झालं, महिने गेले. डिसेंबरात साहेबांचा फोन आला, गाडी कोणीतरी घेतोय, आतलं सामान काढायला ये. आम्ही दोघांनी पाइप सोडवले, पडदे उतरवले. पडदा घडी करताना मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. फोन केला नाही, कारखान्यातलं पाणी आणलं, दोनदा घातलं, तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. सांगताना रडलो. साहेब पलंगाच्या कडेला बसून ऐकत होते. माझं संपल्यावर ते उठले नाहीत, जवळ आले नाहीत, पहिल्यांदाच लांबून बोलले.

"ते मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. पाणी तपासायला मला कितीसा वेळ लागतो?"

मी म्हटलं, "मग वहिनींना का नाही सांगितलंत?"

"मी सांगून उपयोग नव्हता. तिला वाटलं असतं, आता तुझ्यावर ढकलतोय. ते तुझ्याच तोंडून यायला हवं होतं. म्हणून तू आलास की मी बाहेर जायचो. खाली जिन्यात बसायचो. म्हटलं, आज बोलशील."

"साहेब, मला माफ करा."

"हीटरचं केव्हाच केलं," ते म्हणाले. "पण ती गेली ती मला जायचंच नव्हतं असं समजून गेली. त्याची माफी माझ्याकडे नाही."